उताराचा दोष

परभणीकडे सोयरीक जमवताना पोराच्या पगाराआधी वावराची चौकशी होते. किती एकर ते नंतर. आधी जमीन कशी आहे ते सांगा. 'काळी आहे, भारी आहे' म्हटलं की पाहुणे सैलावून बसतात. 'जरा बरड आहे' म्हटलं की बोलणं पावसापाण्यावर जातं आणि थोड्या वेळात पाहुण्यांना गाडीची वेळ आठवते. माझी सगळी नोकरी माती तपासणीच्या प्रयोगशाळेत गेली, त्यामुळे हा निवाडा मी घरीही ऐकला आणि टेबलावर आलेल्या पिशव्यांमधूनही. निवृत्तीनंतर पुतण्या दिंडोरी तालुक्यात वाईनच्या कारखान्यात कामाला लागला आणि मला एक नवीन नाद लागला. आपल्या महाराष्ट्रात द्राक्षाची लाल वाईन कुठल्या मातीत, कुठल्या हंगामात, कशी घडत गेली, ते शोधण्याचा. त्यातून माझं एक मत झालं आहे. या वाईनचा इतिहास वाचायचा असेल तर आधी जमिनीच्या सरकारी प्रतवारीचा इतिहास वाचावा, आणि तो उलटीकडून वाचावा.

या प्रतवारीला बापजाद्यांच्या बोलण्याइतकाच कागदाचाही आधार आहे. गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३५-३६ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात नव्या पद्धतीची जमीन मोजणी सुरू केली आणि १८४७ च्या संयुक्त अहवालात तिचे नियम पक्के झाले. शेतात जागोजागी खोदायचं, मातीचा रंग बघायचा, मुरूम किती हातांवर लागतो ते मोजायचं आणि आणे द्यायचे. पावणेदोन हात खोल, बारीक पोताची काळी माती म्हणजे सोळा आणे. खोली कमी होत गेली की आणे उतरत जायचे. त्यावर आणखी दोष. चुनखडीचे खडे, वाळू, पाण्याने वाहून जाणारी माती, पाणी साचणं, आणि उतार. दोष सापडला की शेत एक पायरी खाली. दिवाण सालारजंगांच्या काळात, १८७० च्या दशकात निजामाच्या मुलखातही मोजणीचं खातं उभं राहिलं आणि त्याने बहुतांशी हीच मुंबईची पद्धत उचलली. मराठवाड्यातल्या शेतांना आणे बसले ते तेव्हापासून.

सारा वसूल करणाऱ्याच्या नजरेने बघाल तर यात चूक काही नव्हती. सरकारपुढे ज्वारी होती, कापूस होता, गहू-हरभरा होता. आमच्या पूर्णा-दुधनेच्या काठची जमीन या पिकांसाठी सोन्यासारखी. मृगात भिजली, भादव्यात तृप्त झाली की दसऱ्यानंतर टाकलेली शाळू एकाही पाण्याशिवाय नुसत्या ओलीवर आणि दवावर येते. ज्याला हा चमत्कार ठाऊक आहे त्याने उताराच्या मुरमाड रानाला दोन-चार आणे दिले तर त्याला नावं कशाला ठेवा! द्राक्षवेल मात्र त्या मोजणीदाराच्या हिशेबात नव्हती.

वाईन आमच्या भागाला नवी नाही. नवी आहे ती इथं पिकवलेली. 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' नावाचं पहिल्या शतकातलं एक ग्रीक पुस्तक आहे, कुणा दर्यावर्दी व्यापाऱ्याने लिहिलेलं. त्यात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी दिली आहे आणि त्या यादीत वाईन आहे. इटलीची पहिल्या पसंतीची, मग लाओदिकेआची आणि अरबस्तानातली. त्याच पुस्तकात दख्खनची दोन गावं येतात, पैठण आणि तगर. तगर म्हणजे आत्ताच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर. पैठणहून अकीकाचे दगड आणि तगरहून साधं कापड, मलमल असा माल गाड्यांवर लादून भडोचला जाई. प्रवरेकाठी नेवाशाला १९५४ ते ५६ या काळात सांकलिया यांनी उत्खनन केलं, त्यात रोमन पद्धतीच्या दोन कानांच्या उंच रांजणांची, अँफोरांची खापरं मिळाली. गोदावरी खोऱ्यातल्या काळ्या रानाने कापूस दिला, कापसाचं कापड झालं आणि त्या व्यापारात परदेशी वाईन आत आली. भारी जमिनीने वाईन पिकवली नाही, कमावली.

कौटिल्यालाही द्राक्षाची वाईन माहीत होती. अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचं प्रकरण आहे. त्यात पिठाच्या, गुळाच्या, झाडांच्या सालींच्या कितीतरी मद्यांच्या कृती दिल्यात. कशात काय किती घालायचं ते मापासकट. द्राक्षाच्या मद्यापाशी आल्यावर मात्र तो मसाल्यांची यादी देत नाही. ते ज्या देशातून येतं तोच देश त्याची ओळख सांगतो, असं म्हणून दोन नावं देतो, त्यातलं एक कापिशायन, म्हणजे काबूलच्या उत्तरेच्या कपिशा प्रदेशातलं. फ्रेंच लोक आज बाटलीवर गावाचं नाव छापतात आणि आपण त्याचं कौतुक करतो. ही समज अर्थशास्त्रात आहे.

सर्वसामान्य मराठी घरात द्राक्षाचं आंबवलेलं पेय शिरलं ते मात्र औषधाच्या कपाटातून. माझ्या आजीच्या फडताळात तपकिरी काचेची बाटली असायची. द्राक्षासव. जेवणानंतर दोन चमचे, तेवढंच कोमट पाणी घालून. काळ्या मनुका उकळून काढा करायचा, त्यात गूळ किंवा साखर आणि धायटीची फुलं घालून भांड्याचं तोंड बांधून ठेवायचं. फुलांवरच्या किण्वामुळे रस आपोआप आंबतो आणि त्यात मद्यार्क तयार होतो. शार्ङ्गधर संहितेसारख्या ग्रंथांपासून चालत आलेली ही विद्या. पनवेलच्या धूतपापेश्वरांसारख्या कारखान्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ती बाटलीत भरली. माळकरी आजी एकादशीलाही ते घ्यायची आणि त्यात तिला कधी काही वावगं वाटलं नाही. रंग, तुरटपणा, घशाला लागणारी किंचित ऊब, सगळं तेच. पण मनुका अफगाणिस्तानातल्या की आणखी कुठल्या, हे कुणी विचारलं नाही. औषधाला गाव नसतं.

ताजं द्राक्ष पिकलं ते दौलताबादेला. इब्न बतूता चौदाव्या शतकात तिथं राहून गेला. दौलताबादला द्राक्षं आणि डाळिंबं होतात आणि त्यांना वर्षातून दोनदा फळ येतं, अशी त्याने नोंद केली आहे. मोरोक्कोच्या माणसाला त्याचं आश्चर्य वाटणं साहजिक आहे. त्याच्या मुलखात वेल थंडीत पानं गाळून झोपते आणि वर्षाला एकदाच फळते. आपल्याकडे तिला झोप येत नाही. खाली जमीन ऊबदार, वर ऊन. कापली की फुटते. त्या एका वाक्यात महाराष्ट्राच्या द्राक्षशेतीची किल्ली आहे, तिच्याकडे पुढे येतोच. दौलताबादची ती द्राक्षं खायची होती. तिथल्या किल्ल्याच्या डोंगराभोवतीची जमीन पाहिली तर ती खडकाळ, निचऱ्याची, आण्यांच्या हिशेबात गरीब.

परभणीच्या वाट्याला पुढच्या काळात आलं काय? शिंदी आणि मोह. निजामाच्या राज्यात आबकारी हे तिजोरीचं मोठं साधन होतं. ओढ्याकाठच्या शिंदीच्या झाडांना मडकी लागत. पहाटे उतरवलेली गोड, दुपारपर्यंत आंबट आणि चढणारी. तिलाही हंगाम होता. थंडीत रस जास्त आणि चांगला, हे जुनी माणसं सांगत. शिंदी हे तिजोरीचं साधन होतं म्हणूनच हैदराबाद मुक्तिसंग्रामात १९४७ साली शिंदीची झाडं तोडणं हा सत्याग्रहाचा एक प्रकारच झाला. जंगल सत्याग्रह, लेव्हीला विरोध आणि शिंदीवर कुऱ्हाड. झाड तोडलं की निजामाचं उत्पन्न तुटलं, इतकं सरळ गणित. माझ्या वडलांच्या पिढीतले कित्येक लोक रात्री कुऱ्हाडी घेऊन ओढ्यात उतरले होते. पुढे १७ सप्टेंबर १९४८ ला राज्य गेलं, १९५६ ला आम्ही मुंबई राज्यात आलो आणि तिकडचा १९४९ चा दारूबंदी कायदा आमच्याकडेही आला. अशा घरांतून वाढलेल्या माणसाला वाईनवर लिहिताना अजून थोडं इकडेतिकडे बघावंसं वाटतं. असो.

आता माती. आमच्याकडे उन्हाळ्यात कुठल्याही भारी वावरात जा. भेगा इतक्या रुंद की हात आत जातो. काठी टाकली तर काठी जाते. तिथं माणूसभर खड्डा घेतला तर वरून खालपर्यंत काळंच काळं. निम्म्याहून जास्त भाग चिकण मातीचा. ही चिकण माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते, आणि या फुगण्या-आकसण्यात ढेकळं एकमेकांवर घासून त्यांच्या बाजू चकचकीत होतात, जणू कुणी हाताने घोटल्यात. तळाला चुनखडीचे पांढरे खडे. त्या मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की फस्सकन फेस येतो. प्रयोगशाळेत नवीन आलेली पोरं हा फेस बघायला एकमेकांना हाक मारायची. सामू आठच्या वर. अशा जमिनीत द्राक्ष लावलं की पहिली दोन-तीन वर्षं वेल झोकात वाढते, मग पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोह मातीत असतं, पण चुन्यामुळे मुळांना मिळत नाही. पावसाळ्यात मुळं पाण्यात उभी. नंतर हीच माती पाणी सोडायला तयार नाही.

लाल वाईनच्या द्राक्षाचं दुखणं नेमकं इथं आहे. मोसंबीवाल्याला हे सांगावं लागत नाही. आमच्याकडे मृग बहार, आंबे बहार, हस्त बहार धरतात म्हणजे काय करतात? पाणी तोडतात, झाडाला ताण देतात, आणि झाड घाबरून फुलावर येतं. वाईनच्या वेलीलाही ताण हवा, पण फुलासाठी नाही, फळासाठी. मण्यात पाणी उतरायला लागलं की तिची तहान थोडी थोडी वाढवत न्यायची. मग मणी बारीक राहतो, साल जाड राहते, आणि लाल वाईनचा सगळा खजिना सालीत असतो. रंग सालीत, तुरटपणा सालीत आणि बियांत. भारी जमिनीत तुम्ही ठिबक बंद केलं तरी खालची ओल दोन महिने वेलीला पाजत राहते. शाळूला जो गुण तोच इथं अवगुण. मुरमात ठिबकची चकती फिरवली की चार दिवसांत वेलीला कळतं.

पुतण्याच्या कारखान्याच्या मागे टेकडीचा उतार आहे, त्यावर शिराझ द्राक्षाची बाग आहे. मी आपला सवयीने बाटलीतला आम्लाचा थेंब टाकून बघितला. फेस जवळजवळ नाही. वीतभर तांबूस-भुरकट माती आणि खाली कुजलेल्या काळ्या पाषाणाचा मुरूम, हाताने चुरता येणारा. मुळं त्या मुरमाच्या फटींतून गेलेली. पुतण्या म्हणाला, "काका, तुमची परभणीची माती इथं आणून टाकली तर साहेब मला दुसऱ्या दिवशी घरी बसवतील." मी म्हटलं, "अरे, तुझ्या आज्याने या रानाला फुकटसुद्धा हात लावला नसता." विंगेटच्या माणसाने इथं उताराचा दोष लावला असता, खोली मोजली असती आणि चार आणे लिहून पुढे गेला असता. जाता जाता आमच्या गावकऱ्यांसाठी एक. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणताना एवढं लक्षात ठेवा की जर्मनीतली नावाजलेली वाईन मोझेल नदीच्या काठी, उभ्या चढाच्या स्लेटच्या कपच्यांमध्ये पिकते. आमच्या मोजणीदाराने तिथं आणेसुद्धा लिहिले नसते.

थंडीत म्हणाल तर परभणी नाशिकला हार जाणारी नाही. डिसेंबर-जानेवारीत कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेचा पारा दरसाल पेपरात पहिल्या पानावर झळकतो. म्हणजे फरक थंडीचा नाही. उंचीचा आहे थोडा, नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आणि आम्ही त्याच्या बरेच खाली, त्यामुळे आमच्याकडे उन्हाळा लवकर पेटतो. पण मुख्य फरक पायाखालचा.

आता ती किल्ली, इब्न बतूताची. युरोपात हंगाम निसर्ग ठरवतो. वसंतात वेल फुटते, उन्हाळ्यात वाढते, सप्टेंबर-ऑक्टोबरात दिवस लहान आणि गार होत असताना फळ पिकतं. आपल्याकडे हंगाम कात्री ठरवते. एप्रिलात खरड छाटणी, तिच्यातून काडी तयार होते आणि त्या काडीच्या डोळ्यांत पुढच्या घडाची सुरुवात होते. पावसाळाभर वेल नुसती सांभाळायची. करपा, केवडा, भुरी या तिघांशी सामना. मग पाऊस हटता हटता, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात, गोडी बहराची छाटणी. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. मग जानेवारीअखेर ते मार्च तोडणी. दोनदा छाटणी, एकदा पीक. दौलताबादला वेल दोनदा फळत होती, ती नंतरच्या शेतकऱ्याने एकदाच फळायला लावली आणि ते एक फळ पावसातून काढून हिवाळ्यात नेऊन बसवलं. जुन्या नाशकात वेली पांगाऱ्याच्या जिवंत खुंटांवर चढवत, तेव्हाही कात्रीचा खेळ हाच होता. या कामाचा शोध कुणा एका शास्त्रज्ञाच्या नावावर नाही आणि माझ्या मते महाराष्ट्राच्या वाईनमधली सगळ्यांत मोठी करामत हीच आहे.

त्याची किंमतही आहे. फ्रान्सचं द्राक्ष गारव्याकडे जात पिकतं, आपलं उन्हाकडे जात. जानेवारीत रात्री दहा अंश, दिवसा तीस. तोवर सगळं छान, रंग चढतो, आंबटपणा टिकतो. फेब्रुवारी संपला की ऊन चढतं, साखर झपाट्याने वाढते, आम्ल उतरतं. रिफ्रॅक्टोमीटरवर २३ ब्रिक्स दिसलं म्हणून तोडावं तर बी अजून हिरवी. पुतण्या मणी तोंडात टाकतो, गर गिळतो आणि बी दाताखाली फोडतो. कडू, कच्ची चव आली की मान हलवतो. बी तपकिरी आणि भाजल्यासारखी लागली की तोडणीला माणसं बोलावतो. कधी कधी साखर आणि बी यांचं जमतच नाही आणि साहेबाला दोघांपैकी एकाला नाराज करावं लागतं. म्हणूनच आपली लाल वाईन बहुधा पिकल्या फळाच्या वासाची, थोडी धुरकट, आम्लाला मऊ अशी लागते. काही टीकाकार तिला फ्रेंचसारखी नाही म्हणून नाकं मुरडतात. ती फ्रेंचसारखी कशी असेल? ती मार्चच्या तोंडावर पिकली आहे.

पांढऱ्या वाईनसाठी रस काढून साल फेकतात, लालसाठी सालीसकट आंबवतात. टाकीत डोकावलं तर रस दिसतच नाही. वर सालींचा जाड, जांभळा थर आलेला असतो, घोंगावणाऱ्या चिलटांसकट. तो थर दिवसातून कितीदा तरी खाली दाबायचा किंवा खालचा रस पंपाने त्याच्यावर सोडायचा. तिथं काम करणाऱ्या पोरांचे तळहात हंगामभर जांभळे असतात.

या धंद्याचा अलीकडचा इतिहास सगळ्यांना थोडाबहुत ठाऊक आहे, म्हणून भराभर सांगतो. १९८० च्या दशकात नारायणगावला शामराव चौगुले यांनी इंडेजचा कारखाना उभा केला, फ्रेंच तंत्रज्ञ आणले आणि 'ओमर खय्याम' ही फेसाळती वाईन परदेशी पाठवली. राजीव सामंत अमेरिकेतून परतले आणि नाशकात गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीवर त्यांनी वाईनची द्राक्षं लावली. २००० साली सुलाची पहिली वाईन बाजारात आली. २००१ ला राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, करात सूट दिली. निफाडजवळ विंचूरला आणि सांगलीकडे पलूसला वाईन पार्क झाले. अकलूजकडे फ्रातेल्ली आली, इटालियन भागीदार आणि मोहिते-पाटील बंधू मिळून. सांजोवेझे हे इटलीचं द्राक्ष माळशिरस तालुक्यातल्या माळावर वाढायला लागलं. नकाशा उघडून बघा, नीरेच्या पलीकडे इंदापूर आहे. जिथून उताराला दोष ठरवणारी मोजणी सुरू झाली त्याच्या समोरच्या काठावर.

मग पडझडही झाली. २००८ च्या मंदीत आणि २६ नोव्हेंबरच्या मुंबई हल्ल्यानंतर हॉटेलं ओस पडली, टाक्या भरलेल्या राहिल्या. वाईनचं द्राक्ष बाजारात उभं राहून विकता येत नाही, बारीक मणी आणि बियाच बिया. कारखान्याने घेतलं नाही तर ते कुणाचंच नाही. कितीतरी शेतकऱ्यांनी शिराझ, कॅबर्नेवर करवत चालवली आणि त्याच खुंटांवर खायच्या द्राक्षाचे डोळे भरले. त्यांना कुणी दोष देऊ नये. नोव्हेंबर २००९ चं फयान वादळ, फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट, ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१९ चा लांबलेला पाऊस, प्रत्येक वेळी कात्रीने ठरवलेला हंगाम आभाळाने मोडून दाखवला आहे. २०१४ च्या गारांनी आमच्या परभणीतलीही गहू-ज्वारी झोपवली होती, ते दिवस मला चांगले आठवतात.

आणि आमच्या ज्वारीचं काय झालं? खरिपाची संकरित ज्वारी काढणीच्या वेळी पावसात सापडली की कणसावर बुरशी येते, दाणा काळा पडतो, भाकरी कडू होते. हे धान्य दारूला वापरा म्हणून २००७ मध्ये राज्य सरकारने धान्यापासून मद्यार्क करणाऱ्या कारखान्यांना अनुदानाची योजना आणली आणि त्यावर पुढे मोठं वादंग झालं. म्हणजे परभणीच्या मातीतल्या आणि हंगामातल्या दोषालाही मद्यात जागा मिळाली, पण त्या दारूच्या बाटलीवर गाव, शिवार, साल काही नव्हतं. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय झाला तेव्हा अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला आणि तो निर्णय पुढे गेला नाही. त्या आठवड्यात आमच्या कट्ट्यावर एकच प्रश्न होता: फायदा शेतकऱ्याचा म्हणता, तर कुठल्या शेतकऱ्याचा? प्रश्न रास्त होता. उत्तर जमिनीवर अवलंबून आहे, हे मात्र कुणी बोललं नाही.

मराठवाड्यात द्राक्ष नीट जमलेलं गाव बघायचं तर जालना जिल्ह्यातलं कडवंची बघावं. हलकी, उताराची, पाणी न थांबणारी जमीन. १९९० च्या दशकात खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मदतीने तिथं पाणलोटाचं काम झालं, पुढे शेकडो शेततळी झाली आणि गाव खायच्या द्राक्षावर उभं राहिलं. पाणी अडवलं आणि निचरा निसर्गानेच दिलेला होता. आमच्याकडे जायकवाडीच्या कालव्याने पाणी मिळालं, पण भारी जमिनीत ते जिरून पुढे गेलं नाही. कितीतरी रानं पाणथळ, चोपण झाली. परभणी जिल्ह्यात वाईनच्या द्राक्षाला साजेशी जमीन शोधायचीच झाली तर ती दुधनेकाठी नाही. ती जिंतूरच्या डोंगरउतारांवर आणि गंगाखेडच्या माळांवर शोधावी लागेल, आणि तिथंही आधी कारखान्याशी लेखी करार, मग खड्डा, मग मातीची तपासणी, आणि सगळ्यांत शेवटी रोप. काळ्या वावरात मात्र कुणाच्याही नादी लागून वेल लावू नका. तिथं शाळू पेरा.

वाईन करणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. 'नाशिक व्हॅली' या नावाला भौगोलिक मानांकन मिळालं, चांगलं झालं. पण ते नाव फार मोठं आहे. त्यात दिंडोरीचा मुरूमही आला आणि निफाडची गोदाकाठची काळी जमीनही आली. या दोन रानांतली वाईन एक कशी असेल? शिवाय बाटलीवरचं साल हे तोडणीचं साल. वेलीने त्या फळाची तयारी आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात, किंबहुना एप्रिलातच सुरू केलेली असते. तेव्हा बाटलीच्या मागच्या चिठ्ठीवर ओकच्या पिंपाची आणि चॉकलेटच्या वासाची वर्णनं थोडी कमी करा आणि चार गोष्टी छापा: शिवाराचं नाव, मुरूम किती खोलीवर आहे, गोडी छाटणी कधी झाली, तोडणी कधी झाली. एवढं छापलंत तर मराठी ग्राहकाला तुमची वाईन चवीआधी समजेल, आणि शेतकऱ्याला त्याच्या बरड रानाचा भाव मागता येईल.